गेम कन्सोल बनवणारा कमी विजेचा हट्ट का धरतो?

(पोशीर, ता. कर्जत इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



नेरळला उतरलो आणि कळंबच्या रस्त्याने इकडे येताना रिक्षात माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता. नववी-दहावीतला असेल. मोबाईलवर गेम चालला होता. दहा मिनिटांत त्याने दोनदा मोबाईल शर्टाला पुसला आणि एकदा चक्क रिक्षाबाहेर वाऱ्यावर धरला. मी विचारलं, काय रे, काय झालं? तर म्हणाला, "काका, तापला की अडकतो. गार केला की परत पळतो."

आता मी तासभर जे बोलणार आहे ते सगळं या पोराने एका वाक्यात सांगितलं. पण मला इतक्या लांबून बोलावलंय, तेव्हा तासभर बोलणं भाग आहे.

विषय असा. गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं किंवा हातात धरून खेळायचं, खास खेळासाठीच बनवलेलं यंत्र. नव्वदच्या दशकात आपण त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो. भिंतीत नऊ व्होल्टचा अडॅप्टर, पिवळी कॅसेट, कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं आणि आत खरे गेम पाच-सहाच. तर असं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं काम काय? चित्र चांगलं दिसावं, गेम जोरात पळावा. मग एखादी कंपनी उठून असं का म्हणते, की आमचं यंत्र कमी ताकदीचं असलं तरी चालेल, पण ते वीज कमी खाणारं हवं? हा वेडेपणा आहे की हिशेब?

पहिलं उत्तर सगळे देतात, विजेचं बिल. ते आधी तपासू. २००६ साली बाजारात तीन मोठी यंत्रं समोरासमोर होती. सोनीचं प्लेस्टेशन ३, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० आणि निन्टेंडोचं 'वी'. पहिली दोन गेम चालू असताना साधारण पावणेदोनशे ते दोनशे वॅट खायची. वी खायचं अठरा वॅटच्या आसपास. अठरा! म्हणजे दहाव्या हिश्श्याहून कमी. रोज दोन तास, महिनाभर खेळलात तर दोनशे वॅटवाल्याचे होतात बारा युनिट आणि वीचा होतो एक युनिट. फरक अकरा युनिटांचा. दहा रुपये युनिट धरला तरी एकशे दहा रुपये. ज्याने हजारो रुपये मोजून यंत्र घेतलंय, तो एकशे दहा रुपयांसाठी दुकानात आपला विचार बदलेल का? नाही बदलणार.

(इथे एक सांगून टाकतो, कारण लोक नेहमी विचारतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिट ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असा समज आहे. तसं नाही. वरचा दर शंभराच्या पुढच्या युनिटांनाच लागतो. तरी तो टप्पा ओलांडू नये असं वाटतंच, ते ठीक आहे.)

म्हणजे बिल हे मुख्य कारण नाही. आपल्याकडे बिलापेक्षा इन्व्हर्टरचा हिशेब जास्त बोलतो. त्याच २००६-०७ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन किती तासांचं होतं, ते इथल्या चाळिशीच्या पुढच्या माणसांना सांगायला नको. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी. कागदावर १,८०० वॅट-तास, पण प्रत्यक्षात हाताशी येतात हजार-अकराशे, कारण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. दोन पंखे, दीडशे वॅट. टीव्ही, शंभर वॅट. त्यात दोनशे वॅटचा कन्सोल घातला तर सगळं जेमतेम अडीच तास. अठरा वॅटचा घातला तर चार तास. आता निन्टेंडोने काही आपल्या भारनियमनाचं वेळापत्रक बघून वी बनवलं नव्हतं. ते जपानमधल्या क्योटोत बसून बनवत होते, तिथे वीज जात नाही. मग त्यांना काय अडलं होतं?

त्यांना अडली होती उष्णता.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पंपाला वीज दिली तर तिच्यातला काही भाग पाणी वर चढवण्यात जातो. कॉम्प्युटरच्या चिपला वीज दिली तर? चिप काही उचलत नाही, ढकलत नाही. आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर येतो. प्रत्येक! दोनशे वॅटचा कन्सोल म्हणजे शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब. आपल्या कर्जत तालुक्यात पोल्ट्रीवाले पुष्कळ आहेत. पिल्लांना ऊब द्यायला तुम्ही काय लावता? हेच बल्ब. आता असे दोन बल्ब बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात कोंडा, वर झाकण लावा, आणि म्हणा की यातली एक नाजूक चिप चार-पाच वर्षं न बिघडता चालली पाहिजे. कन्सोल बनवणाऱ्यापुढे हे कोडं असतं.

उष्णता बाहेर काढायची तर तांब्याचा, अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा लागतो. ठोकळ्यावर पंखा लागतो. पंख्याला हवा खेळायला जागा लागते, म्हणून डबा मोठा होतो. दोनशे वॅट पुरवणारा वीजपुरवठ्याचा भाग मोठा लागतो, तोही तापतो, त्यालाही हवा लागते. सुरुवातीचं प्लेस्टेशन ३ साधारण पाच किलोचं होतं. वी सव्वा किलोच्या आसपास. हे वजन जहाजात भरायचं, गोदामात ठेवायचं, दुकानाच्या फळीवर मांडायचं. त्यातला प्रत्येक पंखा आणि ठोकळा हा खर्च आहे, आणि तो खर्च करून खेळणाऱ्याला काय मिळतं? काहीच नाही. तो नुसता उष्णता वाहून नेण्याचा हमालीचा खर्च आहे. अमेरिकेत वी आलं तेव्हा किंमत होती २५० डॉलर. प्लेस्टेशन ३ ची ५०० आणि ६०० डॉलर, आणि तरीही सोनी प्रत्येक नगामागे तोटा सोसत होती. फरक फक्त उष्णतेमुळे होता असं नाही म्हणणार मी, चिपाच महाग होत्या, ब्लू-रे होता. पण उष्णतेचा वाटा त्यात होता.

आता तुम्ही म्हणाल, वीज थोडी कमी करून ताकद थोडीच कमी होत असेल, मग दहापट फरक कसा? इथे एक गंमत आहे, आणि ती समजायला आपल्याला लांब जायला नको. भिवपुरीला जाऊ.

खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. वर घाटमाथ्यावर पाणी साठवायचं, नळातून खाली सोडायचं, खाली टर्बाईन फिरवायचं. त्यातून होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. पाण्यातली ताकद दोन गोष्टींवर ठरते, पाणी किती आणि उंची किती. हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आता उलटा विचार करा, पाणी वर चढवण्याचा. समजा तुमच्याकडे सरळ उभ्या भिंतींची एक टाकी आहे आणि ती तळापासून भरायची आहे. पाच फुटांऐवजी दहा फुटांपर्यंत भरायची ठरवलं तर काय होईल? पाणी दुप्पट लागेल. आणि सरासरीने ते दुप्पट उंचीवर चढवावं लागेल. म्हणजे मेहनत दुप्पट नाही, चौपट.

चिपमध्ये अशा अब्जावधी इवल्याशा टाक्या असतात. एक मोजायचा तर टाकी भरायची, शून्य मोजायचा तर ओतून टाकायची. टाकीतली पातळी म्हणजे व्होल्टेज. पातळी दुप्पट केली की प्रत्येक भरणीला चौपट ऊर्जा. सेकंदाला किती वेळा भरायची-ओतायची, तो झाला चिपचा वेग. आणि खोच अशी आहे की वेगाने भरायचं-ओतायचं असेल तर पातळीही वाढवावी लागते, नाहीतर समोरच्याला भरली की रिकामी हे वेळेत कळतच नाही. म्हणजे वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवा, आणि व्होल्टेजचा फटका वर्गाच्या पटीत. ढोबळ हिशेब करायचा तर वीज वेगाच्या घनाने वाढते. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ करा. १.७३ येतं. वीस टक्के वेगासाठी त्र्याहत्तर टक्के जादा वीज! आता उलट करा. ०.८ चा घन ०.५१. वीस टक्के वेग सोडला की वीज अर्धी.

खऱ्या चिपमध्ये हा घनाचा नियम काटेकोर पाळला जात नाही. चिप स्वस्थ असतानाही थोडी वीज गळत असते, नळ नीट बंद न झाल्यासारखी, आणि व्होल्टेज एका मर्यादेखाली आणता येत नाही. पण दिशा हीच. शेवटचा वीस टक्के वेग हा सगळ्यात महागडा. स्पर्धा करणारा त्याच शेवटच्या वीस टक्क्यांसाठी धावतो, आणि शहाणा माणूस तिथेच थांबतो. असं मी म्हणतोय खरं, पण थांबायला धाडस लागतं, कारण जाहिरातीत छापायला आकडा लहान मिळतो.

हे धाडस निन्टेंडोने २००६ मध्ये पहिल्यांदा केलं असं नाही. त्याचं मूळ एका माणसात आहे. गुनपेई योकोई. १९६५ साली तो निन्टेंडोत लागला तो कारखान्यातली यंत्रं राखायला, दुरुस्त करायला. कंपनी तेव्हा मुख्यतः पत्ते छापायची. होय, खेळायचे पत्ते, १८८९ पासून. पुढे योकोई खेळणी बनवायला लागला. त्याच्याबद्दल सांगतात की आगगाडीत एक नोकरदार माणूस कंटाळून हातातल्या कॅल्क्युलेटरच्या बटणांशी चाळा करताना त्याने पाहिला. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आलं. खिशात मावणारा खेळ, त्याला कॅल्क्युलेटरचाच पडदा आणि घड्याळातली बटण-बॅटरी. हे सुटे भाग तेव्हा स्वस्त झाले होते, कारण कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींशी किमतीवरून भांडत होत्या.

योकोईच्या विचाराला जपानीत एक नाव आहे. त्याचं इंग्रजी करताना 'सुकलेलं, कोमेजलेलं तंत्रज्ञान' असं करतात आणि ते ऐकून वाटतं हा टाकाऊ माल वापरायचा. तसं नाहीये. तो शब्द लाकूड सुकून पक्कं झाल्यासारखा आहे. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, मुरलेलं. मुरलेलं लोणचं. जे तंत्रज्ञान मुरलंय, ज्याचे गुणदोष सगळे कळलेत, जे स्वस्त झालंय, ते घ्या आणि त्याचा भलत्याच ठिकाणी उपयोग करा.

१९८९ साली त्याच्या हाताखाली 'गेम बॉय' तयार झाला. पडदा हिरवट, त्यात रंग नाहीत, फक्त चार छटा. पडद्यामागे दिवा नाही. अंधारात खेळताच येत नाही. आणि समोर प्रतिस्पर्धी कोण? अटारीचं 'लिंक्स', त्याच वर्षीचं, रंगीत. वर्षभराने सेगाचं 'गेम गिअर', तेही रंगीत, मागून दिव्याने उजळलेलं. दुकानात तिन्ही शेजारी ठेवली तर गेम बॉय अगदी गरीब दिसायचा.

पण सेल मोजा. गेम बॉयला चार पेन्सिल सेल, आणि ते पंधरा तासांच्या आसपास चालायचे. गेम गिअरला सहा सेल आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे, कारण पडद्यामागचा दिवाच बहुतेक वीज गिळायचा. साठ तास खेळायचं धरा, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत रोज दोन तास. गेम बॉयला सोळा सेल. गेम गिअरला, चार तास धरले तर, नव्वद. सोळा आणि नव्वद! हे सेल मुलगा विकत घेत नाही, त्याचे आईबाप घेतात. दुसऱ्या महिन्यात ते काय म्हणत असतील ते जगातल्या सगळ्या भाषांत सारखंच असेल.

गेम बॉय आणि त्याचा पुढे आलेला रंगीत भाऊ मिळून जवळपास बारा कोटी विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. गेम बॉयबरोबर 'टेट्रिस' मिळायचा, त्याचाही हात मोठा होता, हे विसरून चालणार नाही. पण टेट्रिसला रंग लागत नाहीत हेही तितकंच खरं.

आता वीकडे परत. त्या वेळी निन्टेंडोचे अध्यक्ष होते सातोरू इवाता, आणि यंत्राची जबाबदारी होती गेन्यो ताकेदा यांच्याकडे. चिप बनवण्याचं तंत्र सुधारलं, भाग बारीक झाले, की तुमच्यापुढे दोन वाटा असतात. तितक्याच विजेत जास्त वेग घ्या, किंवा तितकंच काम कमी विजेत करा. बाकीचे पहिल्या वाटेने गेले. ताकेदांनी दुसरी धरली. आधीच्या गेमक्यूबची चिप ४८५ मेगाहर्ट्‌झवर चालायची, वीची त्याच घराण्यातली ७२९ वर. दीडपट, बस्स. इवातांनी आकाराचीही अट घातली होती, की डीव्हीडीच्या तीन डब्या एकावर एक ठेवल्यावर होईल एवढ्यात यंत्र बसलं पाहिजे.

दुसरी अट मला जास्त आवडते. वी रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेलं राहावं, झोपेतही निरोप आणि नव्या गोष्टी उतरवून घ्यावं, अशी कल्पना होती. इवातांचं म्हणणं पडलं की रात्री पंखा फिरता कामा नये. का? तर घरातल्या आईला बंद यंत्रातून पंख्याचा आवाज आला तर ती प्लग काढून टाकेल. एवढ्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष इंजिनिअरांना सांगतोय की तुमची परीक्षा आई घेणार आहे! आणि बरोबरच आहे. घरात कोणती वस्तू दिवाणखान्यात राहणार आणि कोणती माळ्यावर जाणार, हे कोण ठरवतं? खेळणारा नाही ठरवत. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे लहान डबा आणि बंद पंखा, आणि बंद पंखा म्हणजे यंत्र टीव्हीशेजारी टिकून राहणार. वी दहा कोटींवर विकलं गेलं, त्याच पिढीतल्या बाकी दोघांपेक्षा जास्त.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल मी निन्टेंडोचा विक्रेता आहे. ते रात्रंदिवस जोडलेलं राहणं चालू ठेवलं, तर वी झोपेतही आठ-दहा वॅट खायचं. नऊ धरा. दोन तास खेळ, अठरा वॅटने, झाले ३६ वॅट-तास. उरलेले बावीस तास झोप, नऊ वॅटने, झाले १९८. म्हणजे कमी वीज खाणारं म्हणून नावाजलेलं यंत्र जागेपणापेक्षा झोपेत पाचपट जास्त वीज खायचं! ती सोय बंद केली की झोपेतला खर्च एक-दोन वॅटवर यायचा. आईने प्लग काढला असता तर ती चुकली नसती. ती सेवा पुढे २०१३ मध्ये कंपनीने बंदच केली.

उष्णतेकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण एक्सबॉक्स ३६०. ते २००५ च्या शेवटी घाईने बाजारात आलं. काही महिन्यांत लोकांची यंत्रं बंद पडायला लागली, पुढच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे आणि खेळ खलास. कारण सोपं आहे आणि भयंकर आहे. चालू केलं की चिप तापते, फुगते. बंद केलं की निवते, आक्रसते. चिप एका पदार्थाची, खालची पट्टी दुसऱ्या पदार्थाची, दोघींचं फुगणं वेगळं. मधले बारीक जोड रोज ओढले जातात आणि एक दिवस तुटतात. तार रोज वाकवली की तुटते ना, तसंच. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. त्या वेळच्या दराने चार हजार कोटी रुपयांच्या वर. दोनशे वॅटची खरी किंमत ग्राहकाच्या बिलात नव्हती, ती इथे होती.

आणि ही सगळी यंत्रं तपासली जातात ती साधारण थंड हवेचं गणित धरून. प्लेस्टेशनच्या माहितीपुस्तिकेत वापरण्याचं तापमान लिहिलेलं असतं, ५ ते ३५ अंश. आपलं कर्जत एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतं. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे पाहिलं तर आपण दीड-दोन महिने ते चालूच करू नये.

पण कमी वीज म्हणजे यशाची हमी, असंही नाही. २०१२ मध्ये निन्टेंडोने वी यू आणलं. तेही तीस-पस्तीस वॅटचं, गुणी, शांत. सव्वा-दीड कोटीच्या मध्ये कुठेतरी अडकलं. लोकांना ते नेमकं काय आहे हेच कळलं नाही. वीमध्ये हात हलवून टेनिस खेळता येत होतं, आजोबाही खेळत होते. वाचवलेल्या विजेतून आणि पैशातून तिथे काहीतरी नवं दिलं गेलं होतं. वी यूच्या वेळी ते जमलं नाही. आणि किंमत दोन्ही वेळा मोजावी लागलीच. वीचं चित्र धूसर होतं, मोठ्या पडद्याचे टीव्ही घरोघरी आले तसं ते जास्त दिसायला लागलं, आणि मोठे गेम बनवणारे त्याच्याकडे फिरकेनासे झाले.

ते धडे घेऊन २०१७ मध्ये आलं स्विच. टीव्हीला लावा नाहीतर उचलून हातात घ्या. म्हणजे आता कमी वीज ही आवड राहिली नाही, गरज झाली, कारण पाठीवर बॅटरी आहे सोळा वॅट-तासांची. सुरुवातीला ती अडीच ते साडेसहा तास चालायची. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, तोच स्विच, तीच बॅटरी, पण चिप बारीक तंत्राने बनवलेली, आणि वेळ झाला साडेचार ते नऊ तास. ताकद वाढवली नाही. सुधारणेचा सगळा नफा विजेत घेतला. योकोई १९९७ मध्येच गेला होता, नाहीतर खूश झाला असता. स्विच आजवर पंधरा कोटींच्या वर गेला आहे.

जाता जाता एक मोठा हिशेब. दहा कोटी वी विकली गेली म्हटलं. समजा एका वेळी शंभरातलं एकच चालू आहे. म्हणजे दहा लाख यंत्रं. प्रत्येकाने दीडशे वॅट वाचवले. किती झाले? दीडशे मेगावॅट. आपलं खोपोलीचं केंद्र बहात्तर मेगावॅटचं आणि भिवपुरीचं पंचाहत्तर. दोन्ही केंद्रं पूर्ण ताकदीने चालवली की जेवढं होतं, तेवढं. डोंगर फोडून, धरणं बांधून, माणसांची गावं हलवून जे उभं राहिलं, तेवढं टेबलावर एक चिप सावकाश चालवून. घरातल्या एकशे दहा रुपयांत हे दिसत नाही.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न : मोबाईल तापल्यावर अडकतो म्हणालात. तो बिघडलेला असतो का?)

नाही, तो शहाणा असतो. मोबाईलला पंखा नाही. त्याची पाठच उष्णता टाकते, आणि पाठ साधारण पंचेचाळीस अंशांपुढे गेली की हातात धरवत नाही. हवा तीस अंशांची असेल तर पाठ आणि हवा यांच्यात पंधरा अंशांचा फरक, त्या जोरावर चार-पाच वॅट बाहेर जातात. हवा चाळीस अंशांची झाली की फरक उरला पाच. म्हणजे तिसरा हिस्सा उष्णताच बाहेर जाते. मग चिप स्वतःच आपला वेग उतरवते. रिक्षातला मुलगा वाऱ्यावर धरत होता ते बरोबर होतं. त्याहून बरं म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम रेट आणि ग्राफिक्स एकेक पायरी खाली आणा. घनाचा नियम आठवा, थोडं सोडलं की बरंच वाचतं. आणि चार्जिंगला लावून खेळू नका, बॅटरी भरतानाही तापते, दोन्ही उष्णता त्याच पाठीतून जातात. फ्रीजमध्येही ठेवू नका, आत दव धरतं.

(प्रश्न : माझ्या भावाला कोणी जुनं प्लेस्टेशन ३ देतंय. घ्यावं का?)

कोणतं ते बघा. सुरुवातीचं जाडजूड, चकचकीत असेल तर ते दोनशे वॅटच्या घरातलं. २००९ मध्ये सडपातळ आलं, ते साधारण निम्म्या विजेत तेच गेम चालवतं. सडपातळ असेल तर घ्या. घेतल्यावर पंख्यातली धूळ काढून घ्या, आपल्याकडे रस्त्याकडेच्या घरांत ती फार असते. आणि शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड ठेवू नका. मी दुरुस्तीला आलेली जेवढी यंत्रं उघडली, त्यातली निम्मी तरी शोकेसमधली असतील. वर क्रोशाचा रुमाल घातलेला असायचा, हवेची भोकं झाकून.